मनात उरलेला हिवाळा

ॲप्सली चेरी-गॅरार्ड हा सुखवस्तू घरातला इंग्रज तरुण १९१० मध्ये कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला निघाला. वय अवघे २४ आणि दृष्टी अधू. १९११ च्या जून-जुलैत, तिथल्या ऐन हिवाळ्यात, विल्सन व बॉवर्स यांच्यासह तो एम्परर पेंग्विनची अंडी आणायला गेला. सतत अंधार, पारा शून्याखाली ६० अंशांपर्यंत. कपडे गोठून पत्र्यासारखे होत. कुडकुडून त्याच्या दातांचे तुकडे पडले. पाच आठवड्यांनी तिघे तीन अंडी घेऊन परतले.

अशा थंडीत माणूस फक्त पुढचे पाऊल पाहतो. विचार मागाहून येतात.

मार्च १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतणाऱ्या स्कॉटच्या तुकडीची वाट पाहत तो वाटेतल्या ‘वन टन’ या अन्नसाठ्यापाशी सहा दिवस थांबला. कुत्र्यांना धोक्यात घालायचे नाही असा हुकूम होता, त्यांचे खाद्यही अपुरे होते. तो मागे फिरला. नोव्हेंबरात तंबू सापडला. आत स्कॉट, विल्सन व बॉवर्स यांचे देह होते. साठ्यापासून अवघ्या सुमारे २० किलोमीटरांवर.

आपण पुढे गेलो असतो तर ते वाचले असते का, या प्रश्नाने त्याला जन्मभर सोडले नाही. इंग्लंडच्या उबदार घरातही त्याला विषण्णतेचे झटके येत, तो अंथरुणाला खिळून राही. १९२२ मध्ये त्याने ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ हा ग्रंथ लिहून सारे जगापुढे मांडले. तरी १९५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत मनातली व्यथा गेली नाही. बोटांवरचे हिमदंशाचे फोड मात्र केव्हाच बरे झाले होते.