मारियाबाई माँटेसरी व रोमचें बालगृह

माँटेसरी हें नांव बालवर्गांच्या पाट्यांवर इतकें रुळलें आहे कीं, तें एका कॅथलिक बाईचें आडनांव होय याची आठवण फार थोड्यांस असते. मारियाबाईंचा जन्म इटलींतील क्यारावाल्ले या गांवीं ३१ ऑगस्ट १८७० रोजीं झाला. मुलीनें वैद्यकी शिकावी हें वडिलांस रुचलें नाहीं. आईनें मात्र पाठ राखली, आणि १८९६ सालीं त्या रोम येथें डॉक्टर झाल्या.

रोमच्या सान लोरेंझो वस्तींत मजुरांच्या मोठमोठ्या चाळी होत्या. आईबाप कामावर गेले म्हणजे शाळेच्या वयाखालचीं मुलें दिवसभर जिन्यांवर हुंदडत व भिंती खराब करीत. संध्याकाळीं थकून आलेल्या आईबापांच्या घरीं मग काय होत असेल, हें आम्ही सांगावयास नको. भिंतींच्या दुरुस्तीस पैसा घालण्यापेक्षां मुलांचीच सोय लावावी, असा हिशेब चाळींच्या मालक-संस्थेनें केला. हेतु कांहीं फारसा उदात्त नव्हे; पण त्यांतूनच ६ जानेवारी १९०७ रोजीं, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, बालगृह उघडलें, व तें मारियाबाईंच्या हातीं आलें.

फी नव्हती, परंतु मुलास न्हाऊं घालून स्वच्छ कपड्यांत पाठविणें, आणि आठवड्यांतून एकदां तरी शिक्षिकेस भेटून मुलाविषयीं बोलणें, हें आईवर बंधनकारक होतें. शिक्षिका त्याच इमारतींत राही. आईबापांनीं आपल्या वागणुकीनें शिकवणीवर पाणी ओतलें, तर मूल काढून टाकण्यांत येई. आमच्या मतें बाईंची खरी दृष्टि येथें दिसते. मूल घरापासून तोडून शाळेंत न नेतां त्यांनीं शाळाच घरांत आणली. तीन-चार वर्षांचें पोर स्वतः हात धुऊं लागलें, बुतामें लावूं लागलें, खुर्ची आवाज न करितां उचलूं लागलें. मग आईच्या लुगड्यावरचा, किंवा तिकडच्या रीतीनें झग्यावरचा, डागहि तेंच तिला दाखवूं लागलें. कांहीं निरक्षर आया तर आपल्या मुलांस लिहावयास-वाचावयास शिकवावें अशी विनंति घेऊन आल्या.

या चरित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं. १८९८ सालीं बाईंस मारियो नांवाचा मुलगा झाला. पित्याशीं विवाह झाला नव्हता. त्या काळच्या रोममध्यें ही गोष्ट उघड झाली असती, तर त्यांचें सारें कार्य तेथेंच संपलें असतें. मूल खेड्यांतील एका कुटुंबांत वाढलें. सान लोरेंझोच्या आयांस आठवड्याची भेट नेमून देणाऱ्या या आईस स्वतःच्या मुलाकडे पाहुणी म्हणूनच जावें लागे. बाईंच्या मातोश्री वारल्यावर, १९१३ च्या सुमारास, पंधरा वर्षांचा मारियो त्यांजजवळ आला. तरी पुढें कित्येक वर्षें चारचौघांत तो भाचा म्हणूनच ओळखला जाई.

१९३९ सालीं दोघें मद्रासेस आलीं. पुढल्या वर्षीं इटली युद्धांत उतरतांच मारियोस अहमदनगरच्या छावणींत ठेवण्यांत आलें. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त सरकारनें त्यास सोडलें, आणि व्हाइसरॉयच्या तारेंत त्याचा उल्लेख पुत्र असाच होता. ६ मे १९५२ रोजीं हॉलंडांतील नोर्डवाइक येथें बाईंनीं देह ठेवला, तेव्हां मारियो जवळ होता. तेथील कॅथलिक दफनभूमींत त्यांस मूठमाती देण्यांत आली. मृत्युपत्रांत त्यांनीं मारियोस आपला मुलगा म्हटलें होतें.