ड्रम बदलण्याआधी चेस्टर कार्लसन यांची गोष्ट

सिद्धेश्वर धरणाच्या परिसरातील शेतकऱ्याला पीककर्ज काढायचे असो की पीकविमा भरायचा असो, सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स लागतेच. औंढा, वसमत, हिंगोलीच्या दुकानांत आता रंगीत यंत्रेही आली आहेत. अशा यंत्रातून निघणाऱ्या पानावर एके दिवशी उभी रेघ दिसू लागते किंवा ठरावीक अंतरावर डाग पडतात. टेक्निशियन झाकण उघडून पाहतो आणि ड्रम गेला म्हणतो. काळ्या-पांढऱ्या यंत्रात ड्रम एकच असतो, रंगीत यंत्रात बहुधा चार: काळा, निळा, गुलाबी आणि पिवळा. चारही एकदम बदलायचे म्हटले तर सुट्या पैशांवर चालणाऱ्या दुकानाचा महिन्याचा हिशेब कोलमडतो.

हा ड्रम म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची एक पोकळ नळी आणि तिच्यावरचा केसापेक्षाही पातळ थर. सगळी किंमत त्या थराची. प्रकाश पडला की विजेचा भार सोडून देणारा आणि अंधारात तो धरून ठेवणारा हा थर कागदपत्रांची नक्कल करण्यासाठी वापरता येईल, हे ज्याने प्रथम दाखवले तो माणूस पैशाची चणचण पुरेपूर ओळखून होता.

चेस्टर कार्लसन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे झाला. वडील न्हावी. चेस्टर तान्हा असतानाच वडिलांना क्षयाने गाठले, पुढे मणक्याचा संधिवातही जडला. मेक्सिकोत जमिनी मिळतील या आशेने कुटुंब १९१० मध्ये तिकडे गेले आणि सात महिन्यांत परतले. हाती आला तो आईचा हिवताप. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून तीन दशके होती. घर कॅलिफोर्नियात स्थिरावले खरे, पण वडील अंथरुणाला खिळलेले. चेस्टर आठव्या वर्षापासून पडेल ते काम करू लागला आणि हायस्कुलात असताना घरचा मुख्य कमावता तोच झाला. तो सतरा वर्षांचा असताना आईही क्षयाने गेली.

शिकत असताना त्याने एका छापखान्यात काम केले. मजुरीच्या बदल्यात एक जुने छपाईयंत्र पदरात पाडून घेतले आणि हौशी रसायनप्रेमींसाठी छोटे मासिक काढायचा घाट घातला. खिळे जुळवता जुळवता तो मेटाकुटीला आला. मजकूर कागदावर उतरवणे इतके कष्टाचे का असावे, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या डोक्यात राहिला.

कॅलटेक या नामांकित संस्थेतून १९३० मध्ये ते भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले, पण ऐन महामंदीत आणि डोक्यावर कर्ज घेऊन. ८२ ठिकाणी अर्ज केले. न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत अखेर जागा मिळाली, तीही १९३३ मध्ये गेली. पुढच्या वर्षी मॅलरी या विद्युत उपकरणांच्या कंपनीत पेटंट विभागात काम मिळाले. तिथे पेटंटच्या प्रती कधीच पुरेशा नसत. टंकलेखिकेकडून पुन्हा टंकून घ्यायच्या, मग ताळा करायचा, नाहीतर बाहेरून फोटो काढून घ्यायचे. दोन्ही वेळखाऊ, दुसरे महागही. संध्याकाळी ते कायद्याचे शिक्षण घेत. पुस्तके विकत घेणे परवडत नसे म्हणून सार्वजनिक ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवत. एव्हाना वडिलांसारखा मणक्याचा संधिवात त्यांनाही जडला होता. असे तासन् तास वाकून लिहिणे म्हणजे रोजची वेदना होती. (मणक्याच्या संधिवाताचे काही प्रकार घराण्यात चालतात. तरुण वयात पाठ सकाळी आखडत असेल, हालचालीने मोकळी होत असेल आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले असेल, तर नुसता मलम चोळत न बसता डॉक्टरांना दाखवावे.)

फोटोग्राफीच्या रसायनांवर मोठमोठ्या कंपन्या काम करत होत्या. कार्लसन यांनी त्या वाटेला न जाता ग्रंथालयात प्रकाशवाहकतेवरचे लेखन धुंडाळले. काही पदार्थ अंधारात वीज अडवतात आणि उजेडात वाहू देतात. अशा पदार्थाच्या पृष्ठभागावर स्थिर विजेचा भार द्यायचा आणि वर मजकुराची छाया टाकायची. उजेड पडेल तिथला भार निघून जाईल, अक्षरांच्या छायेतला उरेल आणि कोरडी पूड फक्त त्यालाच चिकटेल. कल्पना कागदावर सोपी होती. त्यांनी स्वयंपाकघरातच चुलीवर गंधक वितळवून धातूच्या पत्र्यावर पसरायला सुरुवात केली. गंधक पेट घ्यायचे आणि कुजक्या अंड्यांचा वास इमारतभर जायचा. पत्नीने आणि शेजाऱ्यांनी हे किती दिवस सोसावे? शेवटी प्रयोग न्यूयॉर्कच्याच अ‍ॅस्टोरिया भागात, सासूबाईंच्या मालकीच्या घरातील एका खोलीत हलवले गेले. मदतीला ऑटो कॉर्नाय हा ऑस्ट्रियातून आलेला, नोकरीच्या शोधातला भौतिकशास्त्रज्ञ होता.

२२ ऑक्टोबर १९३८. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला होता. खोलीत अंधार करून कॉर्नाय यांनी तो रुमालाने घासला आणि त्यावर भार आणला. काचपट्टीवर शाईने तारीख आणि अ‍ॅस्टोरिया हे नाव लिहून ती पत्र्यावर ठेवली, काही सेकंद प्रखर दिवा लावला. नंतर लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची पूड भुरभुरली आणि जास्तीची फुंकरीने उडवली. अक्षरे उरली. मेणकागद दाबून ती त्यावर उतरवली. आजच्या यंत्रात याच पायऱ्या आहेत: रुमालाच्या जागी चार्ज रोलर, दिव्याच्या जागी लेसर किंवा एलईडी, बीजाणूंच्या जागी टोनर आणि पत्र्याच्या जागी ड्रम.

पुढची काही वर्षे वाईट गेली. कॉर्नाय यांनाही यात भविष्य दिसेना. ते दुसरीकडे नोकरीला गेले. वीसहून अधिक कंपन्यांनी कार्लसन यांना परत पाठवले, त्यांत आयबीएम होती, कोडॅकही होती. पेटंट १९४२ मध्ये मिळाले, घेणारा मात्र कोणी नव्हता. पहिला संसारही मोडला. १९४४ मध्ये ओहायोतील बॅटेल या संशोधन संस्थेने काम हाती घेतले आणि काही वर्षांत रॉचेस्टरची हॅलॉइड ही फोटोकागद बनवणारी छोटी कंपनी पुढे आली. हीच पुढे झेरॉक्स झाली.

खरी अडचण थराचीच होती. गंधकाला फार प्रखर उजेड लागे आणि प्रतिमा फिकी येई. बॅटेलमध्ये विल्यम बिक्सबी यांना सेलेनियम कितीतरी पटींनी संवेदनशील असल्याचे आढळले. शरीराला मायक्रोग्रॅममध्ये लागणारे आणि जास्त झाले तर विषारी ठरणारे हेच ते मूलद्रव्य. निर्वातात त्याची वाफ करून अ‍ॅल्युमिनियमवर सारखा थर बसवायचा, एकही ओरखडा न येऊ देता, हे नाजूक आणि खर्चिक काम होते. १९५९ मध्ये साध्या कागदावर नक्कल देणारे झेरॉक्स ९१४ बाजारात आले. जवळपास तीनशे किलोचे ते धूड बहुतेक कार्यालये विकत न घेता भाड्याने घेत आणि प्रतीमागे पैसे मोजत. ड्रम झिजला तर चिंता कंपनीची असे. दुकानदाराच्या खिशाला ड्रमची झळ लागली ती यंत्रे विकत मिळू लागल्यावर.

सेलेनियम मागे पडले ते १९७० नंतर, सेंद्रिय रसायनांचे थर आल्यावर. हे द्रवातून चढवता येतात म्हणून स्वस्त, पण मऊ असतात. प्रत्येक फेरीत रबरी ब्लेड उरलेला टोनर खरवडते आणि थोडा थरही नेते. म्हणून ड्रमचे आयुष्य छापलेल्या अक्षरांवर नव्हे, मुख्यतः फेऱ्यांवर ठरते. खर्च वाचवण्याची किल्ली इथेच आहे. एकेक पान सुटे काढले तर ड्रम दर वेळी आधी आणि नंतर रिकामा फिरतो. तीच तीस पाने एकत्र काढली तर या जादा फेऱ्या टळतात. यंत्र आपोआप-रंगीत सेटिंगवर असेल, तर कोपऱ्यातल्या लाल शिक्क्यासाठीही अनेक यंत्रांत चारही ड्रम फिरतात. रंग नको असेल तिथे काळे-पांढरे निवडूनच बटण दाबावे.

ड्रम खरेच गेला का, हेही आधी पाहावे. वर कागद भरून काढलेल्या झेरॉक्सवर रेघ येते, पण संगणकावरून काढलेली प्रिंट स्वच्छ येते? मग दोष ड्रमचा नाही. स्कॅनरच्या अरुंद काचपट्टीवर मळ आहे, कोरड्या मऊ फडक्याने ती पुसली की भागते. एकाच आकाराचा डाग ठरावीक अंतराने पुन्हा येत असेल आणि ते अंतर ड्रमच्या घेराइतके असेल, तर मात्र संशय ड्रमवरच. रेघ एकाच रंगात असेल तर तेवढाच ड्रम बदलावा; चारांचा संच घेण्याची सक्ती नसते. काही मॉडेलमध्ये संपूर्ण युनिट न घेता नळी आणि ब्लेड बदलता येते, मात्र वॉरंटी संपली असेल तरच हा मार्ग बरा. सर्वांत स्वस्त ड्रम हा सौदा असेलच असे नाही. किंमत भागिले प्रत्यक्ष निघालेली पाने, हा हिशेब वहीत लिहून ठेवणारा दुकानदार फसत नाही. नवा ड्रम उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली उघडा ठेवू नये, बोट लावू नये. सांडलेला टोनर फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावा. पाणी गारच हवे, गरम पाण्याने तो चिकटून बसतो. फार जुन्या यंत्राचा सेलेनियमचा ड्रम असेल तर तो खरवडू नये आणि जाळू तर नयेच.

कार्लसन यांना १९६५ पर्यंत झेरॉक्सच्या प्रत्येक प्रतीमागे सेंटचा सोळावा भाग मिळत होता. प्रती इतक्या निघाल्या की ते देशातील मोठ्या धनवंतांत गणले गेले. साथ सोडून गेलेल्या कॉर्नाय यांना त्यांनी आठवणीने शंभर शेअर भेट दिले. संपत्तीतील बहुतांश, सुमारे दहा कोटी डॉलर, त्यांनी दान केली, शक्यतो नाव न येऊ देता.

१९६८ च्या वसंतात बहामाला गेले असताना त्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. दुसऱ्या पत्नी डॉरिस यांना त्यांनी आजाराची गंभीरता कळू दिली नाही. डॉक्टरांच्या भेटी लपवल्या आणि घरातली दुरुस्तीची कामे भराभर उरकायला घेतली. १९ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमधील एका चित्रपटगृहात बसलेले असताना दुसऱ्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ६२ होते.