गाडगे महाराज यांची रुग्णसेवा

गाडगे महाराज (२३ फेब्रुवारी १८७६ – २० डिसेंबर १९५६), मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, हे विदर्भातील कीर्तनकार, समाजसुधारक व लोकसेवक होते. हातात खराटा व डोक्यावर गाडगे अशा रूपात ते महाराष्ट्रास परिचित आहेत. ग्रामस्वच्छतेचे व अंधश्रद्धा निर्मूलनाचे त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. रोगी, अपंग व त्यांच्या आप्तांना त्यांनी दिलेला आसरा हा त्याच कार्याचा भाग असून त्यामानाने त्याची चर्चा कमी झाली आहे.

बालपण

डेबूजींचा जन्म अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी मद्याच्या आहारी गेले, आजारी पडले व डेबूजी लहान असतानाच निवर्तले. आजारपण घराला कसे पोखरते, याचा हा पहिला अनुभव होता. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आल्या. तेथे मामाकडे गुरे राखीत व शेतीची कामे करीत डेबूजी वाढले. त्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नाही. १८९२ मध्ये त्यांचा कुंताबाई यांच्याशी विवाह झाला.

गृहत्याग व ऋणमोचन

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. ते गावोगाव हिंडत, दिवसा रस्ते झाडीत व रात्री कीर्तन करीत. अमरावती जिल्ह्यातील पूर्णाकाठचे ऋणमोचन हे त्यांच्या सेवेचे आरंभीचे ठिकाण होय. तेथील यात्रेत जमणाऱ्या अंध, अपंग व महारोगी यांना ते अन्नवस्त्र देत. त्या काळी महारोगावर खात्रीशीर औषध नव्हते आणि रोग्याला बहुधा गावाबाहेर काढले जाई. ज्याचा रोग बरा होणार नाही, त्याच्यासाठीही पुष्कळ काही करता येते, हे या सेवेतून लोकांना प्रत्यक्ष दिसले.

धर्मशाळा

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इत्यादी ठिकाणी त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूंसाठी होती. इतरांसाठी पक्क्या इमारती बांधणारे महाराज स्वतः मात्र उघड्यावर किंवा झाडाखाली राहत. आपल्या कुटुंबालाही त्यांनी या इमारतींचा लाभ घेऊ दिला नाही.

यात्रेकरूंप्रमाणेच मोठ्या रुग्णालयांत येणारे गरीब खेडूतही निराधार असतात, हे त्यांनी ओळखले. रोग्याला खाट मिळते, पण सोबतच्या माणसाला कोठे निजावे व काय खावे हे कळत नाही. पुढचे उपचार बाहेरून घ्यायचे असतील, तर रोग्यालाही छप्पर उरत नाही. अशा वेळी औषध उपलब्ध असूनही उपचार अर्धवट टाकून गावी परतावे लागते. ही अडचण दूर व्हावी म्हणून मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात १९५४ मध्ये त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभी राहिली.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी स्थापन झालेल्या गाडगे महाराज मिशनने हे कार्य पुढे चालविले. महाराजांच्या शिकवणीचे सार म्हणून प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न व बेघराला आसरा यांबरोबरच रोग्याला औषधोपचार आणि निराश झालेल्याला धीर देणे यांचाही समावेश आहे.

पुत्रवियोग व अखेरचे दिवस

१९२३ मध्ये त्यांचा पुत्र गोविंद मरण पावला. ही वार्ता कीर्तन चालू असताना त्यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांची प्रकृती खालावली, तरी फिरती व कीर्तने सुरूच राहिली. आपल्यामागे समाधी, मूर्ती वा स्मारक उभारू नये आणि जेथे मृत्यू येईल तेथेच अंत्यविधी करावा, असे त्यांनी अनुयायांना सांगून ठेवले होते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी अमरावतीतील गाडगेनगर येथे आहे.

उपशामक सेवेशी संबंध

दुर्धर आजारात वेदना व इतर त्रास कमी करून रोग्याचे उरलेले आयुष्य सुसह्य करणाऱ्या सेवेस उपशामक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती केवळ अखेरच्या दिवसांसाठी नसते. मूळ रोगावरील उपचारांबरोबरही ती देता येते आणि तिच्यात कुटुंबालाही आधार दिला जातो. रोग बरा करण्याचे उपचार थांबल्यानंतर अशी सेवा जेथे मिळते, त्या स्थानास हॉस्पिस म्हणतात. आधुनिक हॉस्पिस चळवळीचा आरंभ सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. रोग्याची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी चहूअंगी असते, असा विचार त्यांनी मांडला. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे सुरू झाले.

हॉस्पिस या शब्दाचा मूळ अर्थ प्रवाशांचे व यात्रेकरूंचे विश्रामस्थान, म्हणजे धर्मशाळाच होय. तथापि गाडगे महाराजांच्या धर्मशाळा हॉस्पिस नव्हत्या. मॉर्फिनसारखी औषधे देऊन वेदना शमविण्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका लागतात. धर्मशाळेने भागविली ती दुसरी निकड: निवारा, अन्न व सोबत. ही निकड भागल्याशिवाय गरिबाच्या हाती औषधही पडत नाही.

वारसा

मुंबईत दादर येथे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगी व त्यांचे नातेवाईक राहतात. बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजासारख्या गावापासून मुंबई शेकडो किलोमीटर दूर आहे. एवढ्या लांबून आलेल्या कुटुंबाचे उपचार पूर्ण होतील की नाही, हे पुष्कळदा अशा निवाऱ्यावर अवलंबून असते. अमरावती येथील विद्यापीठास संत गाडगेबाबा यांचे नाव देण्यात आले आहे.