कर्मवीर भाऊराव पाटील

आपल्याच जिल्ह्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊरावांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले. पण अभ्यासापेक्षा तालमीचा नाद मोठा. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर शुद्धीची आंघोळ नाकारली, म्हणून राहते वसतिगृह सुटले. मॅट्रिकही झाले नाही. मुलगा वाया गेला, असेच लोक म्हणाले असते. परंतु राजर्षी शाहू महाराजांच्या सहवासाने त्यांना दिशा मिळाली.

पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले. रयतेची मुले बुद्धी नाही म्हणून नव्हे, तर पोटासाठी शाळा सोडतात, हे त्यांनी पाहिले. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह निघाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत, शेतात राबत आणि शिकत. पैसा संपला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेथेही 'कमवा आणि शिका' हीच रीत राहिली. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर निवर्तले.

पालकहो, दहावीत नापास झालेला मुलगा चौकात बसू लागला की आपण त्याला गॅरेजवर धाडतो आणि त्याचे दप्तर माळ्यावर टाकतो. काम जरूर द्यावे. पण दप्तर काढून घेऊ नये. कर्मवीरांनी मुलांच्या हाताला काम दिले, ते शिक्षण सुटावे म्हणून नव्हे, टिकावे म्हणून.