पहिली पावलं : व्हिन्सेंट व्हॅन गॉग

व्हॅन गॉग म्हटलं की आपण मुलांना सूर्यफुलं दाखवतो. आज त्यांचं ‘पहिली पावलं’ हे चित्र दाखवा.

व्हिन्सेंट यांचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी नेदरलँड्समधील झुंडर्ट या गावी झाला. चित्रविक्रीच्या दुकानात नोकरी, शाळेत शिकवणं, धर्मप्रचार असं बरंच करून पाहिलं, पण कशातच जम बसला नाही. चित्रकार व्हायचं ठरलं ते वयाच्या २७ व्या वर्षी. खर्च धाकटा भाऊ थिओ उचलायचा. लग्न, संसार काही झालं नाही.

१८८९ मध्ये ते फ्रान्समधील सँ-रेमी येथील मनोरुग्णालयात दाखल झाले. तिथे थिओने त्यांना मिले या चित्रकाराच्या चित्राचा फोटो पाठवला. त्यावरून जानेवारी १८९० मध्ये हे चित्र झालं. बघा, घरामागची बाग, कुंपणावर वाळत घातलेले कपडे, बाळाला धरून वाकलेली आई आणि फावडं बाजूला टाकून, हात पसरून बसलेला बाप! फोटो काळा-पांढरा होता. रंग सगळे व्हिन्सेंट यांचे.

३१ जानेवारीला थिओला मुलगा झाला. त्याचं नावही व्हिन्सेंटच ठेवलं. पण २९ जुलै १८९० ला काका गेले, तेव्हा बाळ सहा महिन्यांचंही नव्हतं. पुतण्याची पहिली पावलं काकांना दिसलीच नाहीत.

मुलांना एवढंच विचारा, बाबांनी फावडं खाली का ठेवलं असेल? उत्तरं ऐकताना आपल्या हातातला मोबाइलही जरा खाली ठेवू या.