चुंबकसुईचे राखणदार : नानाभाई मूस

आपल्या या भिंतीवर थोर पुरुषांची चरित्रे नेहमीच लागतात. लढाया मारणारे असतात, तुरुंगात गेलेले असतात. मी आज ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी आयुष्यभर एका सुईवर नजर ठेवली. तरी मला ते थोर वाटतात. का, ते पुढे वाचा.

नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म मुंबईत एका पारशी कुटुंबात १८५९ साली झाला. ते पुण्याला इंजिनिअरिंग शिकले, पुढे विलायतेत एडिंबरोला जाऊन पदवी घेऊन आले. १८९६ साली मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे ते प्रमुख झाले. ही वेधशाळा १८२६ सालची, ईस्ट इंडिया कंपनीने बांधलेली. तिथे प्रमुख झालेले पहिले भारतीय म्हणजे मूससाहेब. १९२० पर्यंत त्यांनी ते काम सांभाळले.

आता तिथे काम काय चाले? आपली पृथ्वी म्हणजे एक मोठा लोहचुंबक. म्हणून तर होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते. पण हा जोर रोज थोडाथोडा कमीजास्त होतो. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, वेधशाळेतल्या नाजूक सुईला कळते. कुलाब्याला १८४६ पासून हे आकडे नेमाने लिहून ठेवले जात. आधी माणसे डोळ्यांनी पाहून लिहीत. नंतर फोटोच्या कागदावर रेघ उमटू लागली.

कधीकधी सुई एकाएकी उसळी मारते. मग तिला उत्तरेकडे खेचणारा जोर काही तास घसरत जातो आणि पूर्वपदावर यायला कित्येक दिवस लागतात. यालाच म्हणतात चुंबकीय वादळ. बाहेर पान हलत नाही बरं का! ज्या साली मूससाहेब जन्मले त्याच साली, २ सप्टेंबरला, असे भयंकर वादळ झाले. भर सकाळी अकराच्या सुमारास कुलाब्याचा जोर सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला, म्हणजे जवळजवळ पंचविसावा हिस्सा कमी झाला. पुष्कळ ठिकाणच्या यंत्रांची पट्टीच अपुरी पडली, पण कुलाब्याच्या माणसांनी आकडे लिहून घेतले. तेव्हा कोणाला ठाऊक होते की २००३ साली शास्त्रज्ञ हेच आकडे काढून त्या वादळाचे मोजमाप करतील!

मूससाहेबांपुढे खरा पेच आला तो ट्रामचा. मुंबईत घोडे ट्राम ओढत, ती आता विजेवर चालणार असे ठरले. विजेची ट्राम धावली की तिचा प्रवाह जमिनीत पाझरणार आणि कुलाब्याची सुई भलतीकडेच नाचणार. ट्राम थांबवा म्हणावे तर शहराची गरज. वेध थांबवावेत तर साठ वर्षांचा धागा तुटतो. दुसरीकडे जावे तर प्रत्येक ठिकाणचा जोर वेगळा, मग जुने आकडे नव्याला जुळणार कसे?

त्यांनी काय केलं, ते आपल्याला सहज समजेल. घरात पायलीच्या जागी किलोचं माप आलं तेव्हा शहाण्या माणसाने तेच धान्य दोन्ही मापांनी मोजून पाहिलं असेल. तसंच! त्यांनी समुद्राकाठी अलिबाग ही जागा निवडली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी आकडे घेतले आणि फरक नक्की केला. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली, तेव्हा अलिबागची सुई तयार होती.

अलिबागच्या इमारतीला त्यांनी पोरबंदरचा दगड आणवला. आपल्या बिडकीनच्या घरांना असतो तसा काळा दगड कोकणातही मुबलक आहे, पण त्यात लोहाचे चुंबकी कण असतात. लोखंडही टाळले, तिथे तांबे-पितळ वापरले. कोणाकडे होकायंत्र असेल तर ते सायकलजवळ नेऊन पाहा, मग कळेल ही खबरदारी कशाला.

१९१० साली त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या आकड्यांचे दोन जाडजूड ग्रंथ काढले. तेव्हा संगणक नव्हता. सगळी बेरीज-वजाबाकी हातानं! वादळात जोर कसा पडतो आणि हळूहळू कसा भरून येतो, हे त्यात आहे. पण भरून का येतो, हे मात्र त्यांच्या हयातीत उलगडले नाही. ते १९३६ साली वारले.

उत्तर आकाशात होते. १९५८ साली अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहामुळे व्हॅन ॲलन यांना कळले की पृथ्वीभोवती विद्युतभारित कणांचे पट्टे आहेत. हे कण पृथ्वीच्या चुंबकी जोरात अडकून उत्तर-दक्षिण असे हेलपाटे घालत राहतात. वादळात सूर्याकडून नवी भर पडते, कणांचे जणू कडेच पृथ्वीभोवती फिरते आणि त्याच्या विजेमुळे खालच्या सुईचा जोर घटतो. पुढे ते कण गळू लागतात. काही विरळ वायूला धडकून निकामी होतात. काहींना प्लाझ्मातल्या लाटा धक्का देतात. कणाची दिशा जराशी बदलते, त्याचा हेलपाटा चुकतो आणि तो खाली हवेत येऊन संपतो. यातल्या काही लाटा ध्वनिक्षेपकावर ऐकल्या तर पहाटेच्या पाखरांच्या किलबिलाटासारख्या वाटतात. मला तर हे वाचून फारच गंमत वाटली. वादळात हे पट्टे कधी भरतात, तर कधी रिकामे होतात. त्यातले जोरदार कण उपग्रहांची यंत्रे बिघडवतात, म्हणून हा हिशेब आज फार मोलाचा झाला आहे.

१० मे २०२४ ला मोठे चुंबकीय वादळ आले. लडाखात हानले येथे रात्री आकाश तांबडे झाले. आपल्याकडे काहीच दिसले नाही. अलिबागची वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि सुईची नोंद अजून चालूच आहे.