डॉ. वू लिएन-ते

प्रास्ताविक

रोगाचे ज्ञान असणे आणि त्या ज्ञानाप्रमाणे वागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रुग्णसेवा करणाऱ्यांच्या बाबतीत हे अंतर जीवघेणे ठरू शकते. इ. स. १९१०-११ मध्ये चीनच्या मांचुरिया प्रांतात प्लेगची भयंकर साथ आली. तिच्याशी झुंज देणाऱ्या एका तरुण डॉक्टरांचा परिचय या पाठात आपण करून घेणार आहोत.

मूलपाठ

वू लिएन-ते यांचा जन्म १० मार्च १८७९ रोजी मलायातील पेनांग येथे झाला. त्यांचे वडील चीनमधून तेथे येऊन स्थायिक झालेले सुवर्णकार होते. लिएन-ते अभ्यासात अत्यंत हुशार होते. शिष्यवृत्ती मिळवून १८९६ साली ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकले. पुढे युरोपातील नामांकित प्रयोगशाळांत त्यांनी जंतुशास्त्राचा अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर त्यांनी अफूच्या व्यसनाविरुद्ध चळवळ केली. १९०८ साली चीनमधील तिएनत्सिन येथील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते रुजू झाले.

डिसेंबर १९१० मध्ये चीन सरकारने त्यांना तातडीने हार्बिनला पाठवले. कडाक्याच्या थंडीत, २४ डिसेंबरला ते तेथे पोहोचले. शहरालगतच्या फूजियादियान या दाट वस्तीत माणसे खोकत, रक्त थुंकत दोन-तीन दिवसांत प्राण सोडत होती. डॉ. वू तेव्हा अवघे एकतीस वर्षांचे होते.

मृतदेहाची चिरफाड करणे तेथील समाजाला मान्य नव्हते. तरीही त्यांनी गुप्तपणे एका मृत स्त्रीचे शवविच्छेदन केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना प्लेगचे जंतू स्पष्ट दिसले. मात्र तेथील उंदरांमध्ये हे जंतू आढळेनात. १८९६ साली मुंबईत आलेला गाठीचा प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे तोवर सिद्ध झाले होते. त्यामुळे प्लेग म्हणजे उंदीर, असेच डॉक्टर मानत. डॉ. वूंनी वेगळा निष्कर्ष काढला. हा फुफ्फुसांचा प्लेग होता आणि तो रुग्णाच्या श्वासातून व खोकल्यातून थेट दुसऱ्या माणसाकडे जात होता.

मग उपायही वेगळा हवा होता. जाळीदार कापडाच्या थरांमध्ये कापसाची घडी ठेवून त्यांनी एक साधी, स्वस्त मुखपट्टी तयार करवून घेतली. ती नाक-तोंड झाकून डोक्यामागे घट्ट बांधता येत असे. डॉक्टर, परिचारक, प्रेते वाहणारे मजूर, या सर्वांनी ती वापरावी, असा त्यांचा आग्रह होता.

डॉ. मेस्नी या ज्येष्ठ फ्रेंच प्राध्यापकांना मात्र हे मत पटले नाही. प्लेगचा त्यांना अनुभव होता आणि वयानेही ते मोठे होते. एका तरुणाने आपल्याला शिकवावे, हे त्यांना अपमानास्पद वाटले. मतभेद इतका विकोपाला गेला, की डॉ. वूंनी तारेने राजीनामा पाठवला; परंतु सरकारने त्यांच्यावरच विश्वास ठेवला. डॉ. मेस्नी मुखपट्टी न लावताच रुग्णालयात जाऊन रुग्ण तपासू लागले. काही दिवसांतच त्यांना प्लेगने गाठले आणि ११ जानेवारी १९११ रोजी त्यांचा अंत झाला.

या मृत्यूने सर्वत्र खळबळ उडाली. जे समजावून सांगूनही पटत नव्हते, ते एका दिवसात पटले. रस्त्यारस्त्यांवर मुखपट्ट्या दिसू लागल्या. तरी काही जण ती कानाला लोंबकळत ठेवत, तर काही ताइतासारखी गळ्यात अडकवत. वस्तू हाती आली होती, सवय अजून लागायची होती. डॉ. वूंनी वस्तीचे चार विभाग पाडले, घरोघरी तपासणी सुरू केली आणि रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना मालगाडीच्या डब्यांत वेगळे ठेवले.

एक प्रश्न मात्र उरला होता. जमीन गोठल्यामुळे दोन हजारांहून अधिक प्रेते दफनाविना पडून होती. पूर्वजांना पूजणाऱ्या समाजात दहन निषिद्ध होते. डॉ. वूंनी बादशाही आज्ञा मिळवली आणि ३१ जानेवारीला प्रेतांचे सामुदायिक दहन केले. त्यानंतर मृत्यू घटत गेले व १ मार्चला हार्बिनमधील शेवटचा रुग्ण नोंदला गेला. संपूर्ण साथीत सुमारे ६०,००० माणसे दगावली होती. त्यांत सेवा करणारे अनेक जण होते.

एप्रिल १९११ मध्ये मुकदेन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्लेग परिषदेचे अध्यक्षपद डॉ. वूंनी भूषवले. पुढे त्यांनी मांचुरियात कायमची प्लेग प्रतिबंधक यंत्रणा उभारली. १९३७ साली ते मलायात परतले आणि इपो येथे रुग्णसेवा करू लागले. २१ जानेवारी १९६० रोजी पेनांग येथे त्यांचे निधन झाले.

डॉ. मेस्नी अज्ञानी नव्हते, भित्रेही नव्हते. नवा पुरावा समोर असताना जुने मत सोडण्याची तयारी तेवढी त्यांच्यापाशी नव्हती. सेवा करणाऱ्याने स्वतःला जपणे हा स्वार्थ नसून सेवेचाच एक भाग आहे, ही शिकवण डॉ. वूंच्या कार्यातून मिळते.

पाठगत प्रश्न

१. हा प्लेग उंदरांमुळे पसरत नाही, हे डॉ. वूंनी कशावरून ओळखले?
२. डॉ. मेस्नींनी मुखपट्टी का नाकारली असावी?
३. माहीत असूनही आपण पाळत नाही, अशी आरोग्याची एखादी सवय सांगा व त्यामागील कारण लिहा.